गीतरामायणाच्या वयाचे गाव

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि दुर्ग जिल्ह्यातील भिलाई या लहानशा खेड्याच्या परिसरात पोलादाचा कारखाना उभा राहणार हे निश्चित झाले. त्यानंतर दोन महिने पुरते लोटले नाहीत तोच, १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या सकाळी पावणेनऊ वाजता, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून गीतरामायणातील पहिले गीत प्रसारित झाले. या दोन घटनांचा परस्परांशी काडीइतकाही संबंध नाही. तरीही मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहिण्यास बसलो असता आमच्या लेखणीने या दोन तारखा शेजारी शेजारी मांडल्या, आणि त्या तशाच राहू द्याव्यात असे वाटले.

स्मरणिकेत संस्थापकांची ओळख असते, कार्यकारिणीच्या याद्या असतात, देणगीदारांचे आभार असतात. ते सारे या अंकात अन्यत्र आहेच. आम्ही येथे एका वेगळ्याच इतिहासाला हात घालीत आहोत. कोणती गाणी ऐकली की आम्हां भिलाईकर मराठी कुटुंबांना ‘घर’ आठवते, आणि ती गाणी आम्ही प्रथम कोठे ऐकली, हा तो प्रश्न. पहिल्या भागाचे उत्तर कोणीही चटकन देईल. दुसऱ्या भागाशी मात्र माणूस थबकतो. कारण नीट आठवू लागले म्हणजे ध्यानात येते की, ज्या गाण्यांना आपण गावाकडची गाणी म्हणतो त्यांपैकी पुष्कळशी आपण गावाकडे ऐकलेलीच नाहीत. ती येथे, सेक्टरमधल्या क्वार्टरच्या ओसरीवर ऐकली. त्या गाण्यांनी येणारी आठवण अमरावतीची किंवा पुण्याची नसते, भिलाईच्या पहिल्या दिवसांची असते.

प्रथम भूगोल थोडा स्पष्ट करावयास हवा. १९५५ साली भिलाईला आलेला नागपूरकर परप्रांतात आला नव्हता. दुर्ग, रायपूर, बिलासपूर हे जिल्हे आणि नागपूर, वर्धा, भंडारा, अमरावती हे जिल्हे तेव्हा एकाच मध्यप्रदेश राज्यात होते. त्या राज्याची राजधानी नागपूर होती आणि हिंदी व मराठी या दोन्ही तेथल्या राजभाषा होत्या. कारखाना दुर्ग जिल्ह्यात यावा म्हणून ज्यांनी जोर लावला ते मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल रायपूर भागातले, पण कारभार पाहत ते नागपुरातून. हावडा-मुंबई मेलमध्ये बसावे, भंडारा, तुमसर, गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव मागे टाकावे आणि सुमारे २६५ किलोमीटरवर दुर्गला उतरावे, इतकाच तो प्रवास. मग १ नोव्हेंबर १९५६ उजाडला. विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, छत्तीसगड नव्या मध्यप्रदेशात राहिला आणि राजधानी भोपाळला गेली. आमची मंडळी जागची हलली नव्हती, सीमारेषा हलली होती. ट्रंका उघडून भांडी लावून होतात न होतात तोच आपण ‘बाहेरचे’ झालो, हा अनुभव मुंबईहून लंडनला गेलेल्याच्या अनुभवाहून निराळा आहे.

आणि छत्तीसगडात मराठी बोल काही कारखान्याबरोबर आले असे नव्हे. बिंबाजी भोसल्यांनी १७५८ ते १७८७ या काळात रतनपूरहून येथला कारभार पाहिला. १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगड मित्र’ हे हिंदी मासिक काढणारे माधवराव सप्रे मराठीभाषक होते. टिळकांचे ‘गीतारहस्य’ आणि समर्थांचा ‘दासबोध’ हिंदीत नेणारे हेच. तथापि त्या जुन्या घरांची कथा वेगळी आहे आणि ती रायपूर-बिलासपूरकरांनी सांगावी हे उचित. आम्ही भोंग्याबरोबर उठणारे लोक. आमची कथा झोतभट्टीपासून, म्हणजे आमच्या बोलीतल्या ब्लास्ट फर्नेसपासून सुरू होते. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या भट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले.

त्या वर्षांत गाणे घरात येण्याची वाट एकच, रेडिओ. पोस्टात दरवर्षी परवान्याचे पैसे भरावे लागत. ओसरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तांब्याच्या जाळीची एरियल ताणलेली असे. रायपूरला आकाशवाणी केंद्र १९६३ साली निघाले, तोवर आमचे केंद्र म्हणजे १९४८ साली सुरू झालेले नागपूर. दिवसा मध्यम लहरी जमिनीलगत धावतात आणि लवकर क्षीण होतात. सूर्य मावळला म्हणजे त्याच लहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परतून शेकडो मैल जातात. म्हणून दुपारी खरखर करणारे नागपूर दिवेलागणीनंतर शेजारच्या खोलीत बोलावे तसे स्पष्ट ऐकू येई. आमच्या वडीलधाऱ्यांपैकी कित्येकांच्या मनात मराठी गाणे आणि रात्र यांची जी सांगड आहे, तिचे कारण काव्यात्म नसून असे पदार्थविज्ञानातले आहे.

दुसरे केंद्र होते रेडिओ सिलोन. १९५२ साली माहिती व नभोवाणी मंत्री झालेल्या डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांनी आकाशवाणीवरील चित्रपटगीतांना लगाम घातला आणि सारा देश लघुलहरींवर कोलंबोकडे वळला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमीन सायानींची बिनाका गीतमाला सुरू झाली. बुधवारी रात्री आठ वाजता ती लागे. दुसऱ्या पाळीला गेलेल्या माणसाला ती चुकत असे, मग घरातले कोणी कोणते गाणे कोणत्या पायदानावर आले ते वहीच्या मागच्या पानावर टिपून ठेवी, आणि रात्री ताट वाढताना तो अहवाल सादर होई. सकाळच्या जुन्या चित्रगीतांच्या कार्यक्रमाचा शेवट सैगलच्या गाण्याने होत असे. सैगल थांबला म्हणजे आठ वाजले, हे घड्याळात न पाहताही कळे. १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती निघाली आणि केसकरांची बंदी व्यवहारात ओसरली. तोपर्यंत आमच्या सेक्टरमध्ये रशियन तंत्रज्ञांची घरेही वसली होती. त्यांच्याकडे ‘आवारा’ १९५४ सालीच पोहोचला होता, त्यामुळे ज्यांना एकमेकांचे नावही नीट उच्चारता येत नसे त्यांनाही राज कपूर या एका नावावर हसता येई.

केसकरांची थट्टा पुष्कळ झाली आणि ती थोडीबहुत रास्तही होती. पण गीतरामायणाची गोष्ट सांगताना त्यांच्या धोरणाची दुसरी बाजू नजरेआड करणे अन्यायाचे होईल. चित्रगीतांची जागा भरून काढण्यासाठी आकाशवाणीने स्वतःचे सुगम संगीत निर्माण करण्याचे मनावर घेतले होते. त्या हवेतच पुणे केंद्राच्या सीताकांत लाडांनी ग. दि. माडगूळकरांकडे वर्षभर चालेल अशा गीतमालिकेची मागणी केली. गंमत अशी की शब्द लिहिणारे माडगूळकर आणि चाली बांधणारे सुधीर फडके हे दोघेही चित्रपटसृष्टीतले, ज्या सृष्टीला आकाशवाणीचे दार अर्धे लोटलेले होते. दोघांचाही जन्म १९१९ चा, म्हणजे त्या रामनवमीला दोघेही पस्तिशीतले. आठवड्याला एक याप्रमाणे बावन्न गीते योजली होती. त्या वर्षी अधिक महिना आला आणि संख्या छप्पन्नवर गेली. पंचांगामुळे मराठी साहित्यात चार कवितांची भर पडल्याचे दुसरे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. पुण्याच्या केंद्राचा आवाज सकाळी पावणेनऊच्या उन्हात छत्तीसगडपर्यंत येण्याजोगा नव्हता. पुणेकर ज्याची आठवण आजही काढतात ते १९५५-५६ चे प्रसारण, ती रेडिओला हार घालणारी आणि रस्ते ओस पाडणारी सकाळ, आमच्या वाट्याला आलीच नाही. आम्हांला गीतरामायण मिळाले ते निराळ्या वाटेने आणि निराळ्या क्रमाने. प्रथम आले पुस्तक. केंद्र सरकारच्या प्रकाशन विभागाने, म्हणजे केसकरांच्याच खात्याने, ते १९५७ साली छापले. सुटीत नागपूरला गेलेल्या कोणी ते आणावे, मग ते घरोघर फिरावे, आणि चाल ठाऊक नसताना शब्द पाठ व्हावेत. ज्यांना पेटी येई त्यांनी स्वतःच चाली लावून पाहिल्या. पुढे खरी चाल कानी आली तेव्हा आपली चाल मोडावी लागल्याचे दुःख एकदोघांनी जन्मभर बाळगले, आणि ते दुःख खरे होते असे आम्ही मानतो. नंतर आली ध्वनिमुद्रिकांची तबकडी.

येथे एक सूक्ष्म पण महत्त्वाचा फरक आहे. मूळ प्रसारणात गायक अनेक होते. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, सुरेश हळदणकर, राम फाटक, ललिता फडके, योगिनी जोगळेकर, बबनराव नावडीकर असे कितीतरी. पात्र बदलले की कंठ बदले. तबकड्यांवर मात्र सारी गीते एकट्या सुधीर फडक्यांनी गायिलेली आहेत. तेव्हा पुण्याच्या श्रोत्याला आठवते ते नाटक आणि आम्हांला आठवते ते कीर्तन. पुण्याच्या सीतेला स्त्रीचा आवाज आहे. भिलाईची सीता, कौसल्या, शूर्पणखा, सारी एका पुरुषाच्या गळ्यातून बोलतात. मंडळाच्या गणेशोत्सवात आमच्या भगिनींनी जेव्हा ती गीते बसविली तेव्हा एका ज्येष्ठ गृहस्थांनी तक्रार केली होती की सीतेचे गाणे बाईने म्हटलेले कानाला ‘मूळच्यासारखे’ लागत नाही! ‘मूळ’ या शब्दाचा अर्थ माणूस जेथे असतो तेथे ठरतो, हे त्या वेळी आम्हां सर्वांच्या लक्षात आले आणि त्या गृहस्थांच्याही. मग त्यांनीच पेटी ओढून घेतली आणि काळी एकची सुरावट काळी चारला चढवून दिली.

रेडिओच्या त्या रात्रींनी आणखी एक ऋण आमच्यावर ठेवले आहे, आणि ते नागपूरचे आहे. १९६७ च्या डिसेंबरात रंगभूमीवर आलेल्या ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकाचे लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे, तिथल्या आकाशवाणीत काम केलेले. संगीत जितेंद्र अभिषेकींचे आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. मूर्तिजापूरला जन्मलेले, नागपुरात वाढलेले वसंतराव अनेक वर्षे पुण्यात लष्करी हिशेब खात्यात नोकरी करीत होते. दिवसभर आकडे, रात्री गाणे. कारखान्यात दिवस काढून संध्याकाळी तबल्याला हात लावणाऱ्या आमच्या सभासदांना या माणसाविषयी जी आपुलकी वाटे ती केवळ सुरांची नव्हती. भावगीताच्या आरंभापाशीही विदर्भ उभा आहे. मेहकरच्या ना. घ. देशपांड्यांची ‘शीळ’ ही कविता ग. ना. जोशींच्या तबकडीने घरोघरी नेली तो काळ १९३० च्या दशकाचा. अमरावतीचे सुरेश भट तर आमच्या पिढीचेच. ‘पुण्या-मुंबईची गाणी’ असे आपण सैलपणे म्हणतो तेव्हा त्यांतली किती गोंदिया मार्गे आलेली आहेत याचा हिशेब एकदा मांडला पाहिजे.

या हिशेबात एक पान मात्र स्मरणिकांतून सहसा येत नाही, म्हणून आम्ही ते येथे मुद्दाम घालीत आहोत. भिलाईतील मराठी म्हणजे केवळ पेटीवर भावगीत म्हणणारी मराठी नव्हे. भंडारा-गोंदियाकडून आलेल्या कामगारांच्या वस्त्यांत शनिवारी खंजिरी वाजे आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजने चालत. महाराजांनी मराठीत रचले तसे हिंदीतही रचले, त्यामुळे शेजारचा छत्तीसगडी गडी उठून जात नसे, तोही ठेका धरी. आणि १४ ऑक्टोबर १९५६ नंतर, नागपूरच्या दीक्षाभूमीवरील धम्मदीक्षेनंतर, एक नवेच गाणे या रुळांवरून आले. वामनदादा कर्डकांची आणि त्यांच्या परंपरेतील शाहिरांची भीमगीते. तबकडीची किंवा परवान्याची वाट न पाहता ती तोंडातोंडी आली. १४ एप्रिलच्या रात्री ती ऐकत वाढलेल्या मुलाला ‘घरचे गाणे कोणते’ असे विचारले तर तो गीतरामायणाचे नाव घेणार नाही, आणि त्याचे उत्तर इतर कोणाच्या उत्तराइतकेच मराठी आहे. कोणाच्या आठवणीला इतिहास म्हणावयाचे हे ठरविताना पेटी आणि खंजिरी यांत आपण नकळत निवड करीत असतो.

योगायोग असा की त्याच दिवशी, १४ ऑक्टोबर १९५६ च्या विजयादशमीला, आमच्यापासून फार दूर नसलेल्या खैरागडला इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयाचे उद्घाटन झाले. भातखंड्यांचे शिष्य पंडित श्रीकृष्ण नारायण रातंजनकर पुढे तेथे कुलगुरू म्हणून आले. आणि राजनांदगावला, तासाभराच्या वाटेवर, १९५८ पासून महाविद्यालयात शिकवीत होते गजानन माधव मुक्तिबोध. घरात मराठी, लेखणीत हिंदी. धाकटे बंधू शरच्चंद्र नागपुरात राहून मराठीत कविता लिहीत. एका आईची दोन मुले दोन भाषांत कवी झाली, आणि मधे अंतर होते तेच, आमच्या मेलगाडीचे.

१ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झाले. त्या राज्याचे गौरवगीत लिहिणारे राजा बढेही नागपूरचे. संगीत श्रीनिवास खळ्यांचे, आवाज शाहीर साबळ्यांचा. १९ फेब्रुवारी २०२३ पासून ते अधिकृत राज्यगीत झाले आहे. आमच्या कार्यक्रमांत ते आधीही म्हटले जाई. ज्या राज्यात आपण राहत नाही त्याचे गीत उभे राहून म्हणावे की बसून, असा प्रश्न एका बैठकीत निघाला होता. इतिवृत्तात चर्चा नोंदली आहे, निर्णय नाही. गाणे सुरू झाले की मंडळी उभी राहतात, एवढे खरे.

ही झाली आमची गाणी. आमच्या मुलांची कोणती? येथे पालकांना काहीसा धक्का बसतो. दिवाळीच्या आधीच्या दिवसांत आमच्या दारी आकाशकंदील टांगलेला असे आणि त्याच्याखाली छत्तीसगडी मुलीबाया सुवा नाचावयास येत. टोपलीत भात, भातावर मातीचा पोपट, सभोवती वर्तुळ, वाकून वाजविलेल्या टाळ्या. वाडगाभर तांदूळ आणि दोन नाणी घेऊन त्या पुढच्या दारी जात आणि आमच्या मुली त्यांच्यामागून. दुर्गजवळच्या बघेरा गावी दाऊ रामचंद्र देशमुखांनी १९७१ साली ‘चंदैनी गोंदा’ उभे केले तेव्हा आडनाव पाहून आमच्यातले काही जण ‘आपलाच माणूस’ म्हणून गेले. दाऊ अस्सल छत्तीसगडी निघाले आणि मंडळी पहाटेपर्यंत तरीही बसली. आणि तीजनबाईंविषयी तर काय सांगावे! १९५६ साली जवळच्या गनियारीत जन्मलेल्या, कारखान्यातच नोकरीला असलेल्या या बाईंनी उभ्याने गावयाची कापालिक शैलीची पंडवानी, जी तोवर पुरुषांची मानली जाई, सर्व देशात नेली. २०१९ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. हातातला तंबुरा क्षणात भीमाची गदा, क्षणात दुःशासनाचा बाहू. आमच्या आज्या त्यांची पंडवानी पाहून म्हणत, हे तर नारदाच्या गादीवरचे आख्यान. भाषा पुरती कळत नसतानाही कथा कोठवर आली हे त्यांना बरोबर कळे, कारण हुंकार देणारा रागी त्यांना कीर्तनातल्या टाळकऱ्यासारखा वाटे.

म्हणून आज पुण्यात, बंगळुरूला, समुद्रापलीकडे नोकऱ्यांना गेलेली आमची मुले घराची आठवण काढतात तेव्हा गीतरामायण मागत नाहीत. ते त्यांना तिथेही मिळते, किंबहुना येथल्यापेक्षा चांगले मिळते. ती विचारतात, यंदा सुवा आली होती का? पुण्याच्या सोसायटीत मराठी बोलणाऱ्या शेजाऱ्यांत राहून आमच्या एका सभासदाच्या कन्येला परगावी असल्यासारखे वाटते, कारण तिथे दिवाळीला कोणी मातीचा पोपट घेऊन येत नाही. आईवडिलांनी ज्या गावाला नोकरीचे गाव म्हटले ते तिचे माहेर झाले. यात दुःख मानावे की समाधान, यावर आमच्यात एकमत नाही. दुःख मानणाऱ्यांचे म्हणणे असे की आणखी पंचवीस वर्षांनी या मंडळात गीतरामायण पुस्तकात न पाहता म्हणणारे कोणी नसेल. ही भीती खोटी नाही. गेल्या काही वर्षांत पेटीला बसणारे दोघेच उरले आहेत आणि त्यांतले एक गृहस्थ सत्तरीपलीकडचे आहेत.

मंडळाच्या कपाटात गाण्यांची एक जाड वही आहे. कापडी पाठीची, कारखान्याच्या जुन्या हिशेबवहीसारखी. आरंभीची पाने बोरूसारख्या वळणदार अक्षरात गीतरामायणाची आहेत, समासात स्वर लिहिलेले. मग नाट्यपदे, मंगळागौरीची गाणी, तुकडोजी महाराजांची काही भजने, वेगळ्या शाईत चार भीमगीते. आणि शेवटून उलट्या बाजूने सुरू केलेली, कोणा शाळकरी मुलीच्या हातची, सुवाची गाणी, छत्तीसगडी शब्द मराठी शुद्धलेखनात बसवून. ती मुलगी कोण हे कळलेले नाही. पाने पिवळी पडून कडांना तुटू लागली आहेत, तेव्हा वही घरी नेता येणार नाही. ज्यांना त्यातील गाणी उतरवून घ्यावयाची असतील त्यांनी रविवारी सायंकाळी मंडळात यावे, आणि शक्य असेल तर चाल ठाऊक असलेल्या कोणाला बरोबर आणावे.